घरात खरं बोलणारी एकच बाई

वडीगोद्रीच्या फाट्यावरच्या समोसेवाल्याला माझ्या सासूनं आजवर चारदा मारलंय. हातानं न्हाई, तोंडानं. पोरं समोशासाठी रडायला लागली की ती पदर डोळ्याला लावून म्हणणार, "गेला रे बाळांनो तो बिचारा. काल त्याचा दहावा झाला." पोरं गप. एकदा शेजारच्या तृप्तीला तिचा बाप फाट्यावर घेऊन गेला, तर तिथं मेलेला समोसेवाला जित्ता उभा राहून कढईत झारा हालवून राह्यल्ता. तृप्तीनं अशी बोंब ठोकली की हायवेवरच्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला. पोरगी दोन दिवस तापानं फणफणली. सासूला लाज? बिलकुल न्हाई. "वाचला म्हणावं मंग तो," म्हणली, आन् मिशरी लावायला बसली.

तिचं नाव गोजरबाई. कुणाचं पोरगं जेवंना, कुणाचं न्हायला बसंना, की गल्लीतल्या बाया त्याला आणून आमच्या ओट्यावर सोडतेत. सासू फुकटात खोटं बोलून देती. अंधारात गेलं की नाक गळून पडतं. बोराची बी गिळली की बेंबीतून झाड निघतं. मोबाईल लई पाह्यला की त्याच्यातली बाई बाहेर येऊन कान पिळती. पोरं बराबर ताळ्यावर येतेत, बाया हसत घरी जातेत.

मी मीना, ह्या गोजरबाईची सून. आन् मी पोरांशी खोटं बोलत न्हाई.

मी काही साधूसंत न्हाई. पण मी सात वर्षांची असताना माझा बाप म्हणला, चल, राजूरच्या गणपतीला जाऊ, पेढे घेऊ. गेलो. पेढे घेतले. मंग मला तिथं राजूरातच मावशीच्या घरी बसवलं आन् म्हणला, "माझी चप्पल देवळापाशी राह्यली. तू बस, मी जल्दी घेऊन येतो." चप्पल आणायला त्यानं चार वर्षं लावले. मावशीला लेकरू नव्हतं, मला तिच्याकडं ठेवायचं आधीच ठरल्तं. मावशीनं मला जीव लावला, खोटं कशाला बोलू. मला कुणी खरं सांगून विचारलं असतं तर मी राह्यलेही असते. पण ती चप्पल काही डोक्यातून जाईना. एस्टी आली की मी हातातलं काम टाकून रस्त्यावर पळायचे.

म्हणून माझी आकांक्षा झाली तवाच मी ठरवलं, ह्या पोरीला कुणी काहीही सांगो, मी खरंच सांगणार.

त्याचा तरास व्हायचा तो होतोच. अंगणवाडीत लस टोचायला नर्सबाई आल्या. सगळ्या आया पोरांना सांगून राह्यल्या, मुंगी चावल्यावाणी होतं, काही न्हाई होत, डॉक्टर चॉकलेट देतेत. आकांक्षानं मला विचारलं, मी सांगितलं, "दुखतं. लई दुखतं. दहा मोजेपर्यंत जास्त, मंग कमी. हात दोन दिवस ठणकतो." मी तिलाच सांगितल्तं, पण माझा आवाज जरा मोठा. खोलीतली एकोणीस पोरं एकदम भोकाड पसरून दाराबाहेर. एक तर ज्वारीत घुसलं. त्याला हुडकायला तास गेला. नर्सबाई म्हणल्या, "ताई, पुढच्या टायमाला पोरीला तिच्या आज्जीबरोबर पाठवा."

पण आकांक्षा पळाली न्हाई. तिनं दंड पुढं केला, किंचाळली, मोठ्यानं दहा मोजले आन् दहाला रडणं थांबवलं. तिला म्हाईत होतं, मम्मीनं दहा म्हणलं म्हंजे दहा.

आता ती सात वर्षांची हाय. आज्जी काही बोलली, पप्पा काही बोलले, की ती पहिले माझ्याकडं पाहती. "खरं का मम्मी?" मी हो म्हणलं तर हो, न्हाई तर न्हाई. ह्या घरात माझ्या नावावर जमीन न्हाई, शेड न्हाई, गाडी न्हाई. माझ्या नावावर ती पोरीची नजर होती. तेवढी जाऊ नये म्हणून मी जगाशी भांडले असते, आन् भांडलेही.

माझ्या नवऱ्याचं नाव हरिओम. नाव घ्यायला मी लाजत न्हाई. माणूस गरीब, भांडणाला भ्येतो, आन् ते टाळायला काहीही बोलतो. चार वर्षांपासून आमचं रेशमाचं शेड हाय. बोटाच्या पेराएवढ्या अळ्या आणायच्या, रॅकवर सोडायच्या, तुतीचा पाला घालायचा. शेवटच्या आठवड्यात त्या असं खातेत की कापायला माणूस पुरत न्हाई. मंग त्या खायचं बंद करतेत, अंगाभोवती धागा गुंडाळतेत, शेंगदाण्याएवढे पांढरे कोष होतेत. पाच-सहा दिवसांत कोष काढून जालन्याच्या बाजारात न्यायचे. उशीर केला की आतलं पाखरू कोष फोडून बाहेर येतं, आन् फुटका कोष कुणी हातात धरत न्हाई, त्याचा धागा तुटलेला असतो.

आकांक्षाला अळ्यांचा लई नाद. शेडमध्ये जायच्या आधी पाय चुन्यात बुडव, जाळीचं दार लाव, आत ओरडू नको, हे तिला एकदा सांगितलं की बास. ह्या खेपेला तर ती शाळेतून आली की दप्तर फेकून आधी शेडमध्ये. कोष होऊन तीन-चार दिवस झाले तवा तिनं मला विचारलं, "मम्मी, ह्याच्यातून फुलपाखरू कधी निघतं?"

सासू ओट्यावरून ओरडली, "जालन्याला निघतं गं बाई! तिथं त्यांची शाळा हाय."

आकांक्षानं माझ्याकडं पाह्यलं. "खरं का मम्मी?"

आता मी काय करणार व्हते? सांगितलं. "न्हाई. निघू देत न्हाईत. जालन्याला कोष विकतेत, मंग ते गरम वाफंवर ठेवतेत. आतली अळी मरती. तवाच अख्खा धागा निघतो."

"सगळ्या मरतेत?"

"सगळ्या."

"तुला पहिल्यापासून म्हाईत होतं?"

"हो."

पोरगी घरात गेली, ताटावर बसली आन् म्हणली, मी जेवणार न्हाई. कोष जालन्याला गेले तर कधीच न्हाई.

आम्हाला वाटलं, भूक लागली की खाईल. पोरांची भूक लई बेइमान असती. पण ही माझी पोरगी. दुपारी न्हाई, संध्याकाळी न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या खिचडीलाही तोंड लावलं न्हाई, गुरुजींचा फोन आला. ओठ सुकून गेले. पाणी तेवढं प्यायची. आन् खरं सांगते, ती खाईना तर माझ्याही घशाखाली घास जाईना. मी चुलीपाशी बसून डोळे पुसायचे आन् ती दारात बसून मला पाह्यची.

सासूनं माझा उद्धार सुरू केला. "घे! खरं बोल आणखीन! अगं, पोराच्या पोटात अन्न जाण्यासाठी माणूस काय काय करतं, हिला एक वाक्य बोलायला जड जातंय. एवढंच म्हण की पाखरं उडून जातेत! जीभ झडती का तुझी?"

"आत्याबाई, तिनं मला विचारलं अन् मी सांगितलं. आता उलटं कसं बोलू? मंग ती माझ्यावर जन्मात विश्वास ठेवायची न्हाई."

"उपाशी मेली मंग कशावर ठेवती?"

तरी मी हटले न्हाई. नवऱ्याला म्हणले, "तुम्ही काही तरी मार्ग काढा. खरा मार्ग. खोटा माझ्या दारात आणू नका."

त्या दिवशी दुपारी हे आकांक्षाला गाडीवर घेऊन वडीगोद्रीला गेले, वही आणायची म्हणून. दीड तासानं आले. पोरीच्या हातात वही, आन् ह्यांचं तोंड फुललेलं. "मीना, काम झालं! जालन्याहून फोन आल्ता. ह्या खेपेला आपले कोष बिजाला घेऊन राह्यले."

बिजाला म्हंजे कसं, काही कोष मारत न्हाईत. त्याच्यातून पाखरं निघू देतेत, ती अंडी घालतेत, त्या अंड्यांतून पुढच्या अळ्या. म्हंजे आपल्या एकूण एक अळीचं पाखरू होणार!

मी म्हणले, "खरं?"

"तुझ्याशी खोटं बोलून मरायचंय का मला?"

मला इतकं बरं वाटलं की मी रडले. उठले, आकांक्षाला जवळ घेतलं आन् माझ्या तोंडानं सांगितलं, "आकू, आपल्या अळ्या मरणार न्हाईत गं. बिजाला जाणार. सगळ्यांचे पाखरं होणार."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. ह्या खेपेला "खरं का" म्हणून विचारलं न्हाई. म्हणली, "मंग तू जेवशील ना आता?"

"तू जेव पहिले."

दोघी एका ताटात जेवलो. पिठलं आन् भाकरी, लसणाची चटणी. तिनं दीड भाकर खाल्ली, मी अडीच. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी बसून कोष काढले. आकांक्षा गाणं म्हणून राह्यल्ती. टेम्पो आला, त्याच्यात आमच्या आन् शेजारच्या बेबीनंदाच्या गोण्या बरोबरच गेल्या. मी टेम्पोला हात केला. एवढी येडी मी.

चार दिवसांनी मी ह्यांच्या मागं लागले, चला, आपण तिघं जालन्याला जाऊ, पाखरं निघताना पाहू. हे म्हणले, आत कुणाला घेत न्हाईत. मी म्हणले, दारातून पाहू. हे म्हणले, पावडर लावलेल्या बायांना तर दारातही उभं करत न्हाईत. मी म्हणले, मी पावडर लावणार न्हाई. तेवढ्यात आकांक्षा कळवळली, "मम्मी, माझं पोट दुखतंय. मला न्हाई जायचं." मी तिला ओवा-मीठ दिलं आन् जालना राहून गेलं.

परवा सकाळची गोष्ट. हे नव्या अळ्या आणायला गेल्ते. बेबीनंदा शेडसाठी चुना मागायला आली. बाई सरळ हाय, मनात काही ठेवत न्हाई. मी तिला म्हणले, "तुमचे कोषही बिजालाच गेले का?"

"कशाला?"

"बिजाला."

ती चुन्याचं डबडं खाली ठेवून हसली. हसता हसता खालीच बसली. "मीनाबाई, बरं हाय ना डोकं? आपला माल कधी बिजाला जातो का? एकाच धागेवाल्यानं घेतला तुमचा आन् आमचा. माझे मालक तिथं उभे होते. एव्हाना वाफ लागून धागाही निघाला आसंल."

ती गेली आन् मी तिथंच उभी. माझ्या कानशिलात कुणी तरी वाजवल्यावाणी झालं. बेबीनंदाचं वाईट न्हाई वाटलं. वाईट ह्याचं वाटलं की मला हे म्हाईत होतं! बिजाच्या अळ्या वेगळ्या असतेत, त्या पाळणारे वेगळे, आमच्या अळ्या फक्त धाग्याच्या. अंबडच्या रेशमाच्या ट्रेनिंगला मी पहिल्या लायनीत बसले होते, मॅडमनी विचारलं तवा सगळ्यांच्या आधी हात वर करून मीच सांगितल्तं. आन् नवऱ्यानं एक वाक्य म्हणलं, तर चार वर्षांची अक्कल मी पाल्यात टाकली. मला ते खरं पाह्यजे होतं, म्हणून ते खरं झालं. तृप्तीला समोसेवाला मेला वाटला त्यात तिची काय चूक, ती तर पाच वर्षांची होती.

मंग राग आला. असा राग आला की मी तीन तास घरात फिरून नुसतं भांडण तयार करून राह्यले. पहिलं वाक्य कोणतं, दुसरं कोणतं, त्याच्या आईला मधी कुठं ओढायचं, सगळं ठरवलं. माझ्याशी खोटं बोलला ते एक. पण माझ्या तोंडून पोरीशी खोटं बोलवलं! सात वर्षं जे जपलं ते ह्या माणसानं एका दुपारी उसनं मागून वापरलं. पोरीला कळलं की ती माझ्याकडं कधीच तसं पाहणार न्हाई. आन् तिला कळण्याआधी मलाच सांगावं लागणार व्हतं.

चार वाजता ती शाळेतून आली. मी तिला हातपायही धुऊ दिले न्हाईत. ओट्यावर बसवलं, समोर बसले.

"आकू, मी तुझ्याशी खोटं बोलले. मला म्हाईत नव्हतं, पण बोलले. आपले कोष बिजाला गेले न्हाईत. त्या अळ्या मेल्या."

ती पायातला मोजा काढून राह्यल्ती. तिनं तो काढला, उलटा करून झटकला. म्हणली, "मला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं? बेबीनंदानं?"

"पप्पांनी."

"कधी?"

"वही आणायला गेल्तो तवा. फाट्यावर. पप्पा म्हणले, मम्मी बोलली ते खरं हाय, अळ्या मरतेतच. आपण त्यांना पाला दिला, आता त्या आपल्याला धागा देतेत, आपलं घर त्याच्यावर चालतं. मी रडले. लई रडले. पप्पांनी मला समोसा दिला. मंग पप्पा म्हणले, तू जेवत न्हाई म्हणून मम्मी दोन दिवस झाले जेवली न्हाई, चुलीपाशी रडती. मी म्हणले, मंग मी जेवते. पप्पा म्हणले, तू एकदम जेवायला लागलीस तर मम्मी विचारंल काय झालं. तिला आपण बिजाचं सांगू. तिला बरं वाटंल."

मी तोंड उघडं टाकून बसले. ह्या माणसानं पोरीला खरं सांगितलं आन् मला खोटं! सात वर्षांच्या पोरीला बसवून, समजावून, मोठ्या माणसावाणी वागवलं, आन् मला, ट्रेनिंग झालेल्या बाईला, पाखरं उडाली म्हणून सांगून जेवायला घातलं.

"आन् ते पोट?" मी विचारलं. "जालन्याला जायच्या वक्ताला दुखलं ते?"

"ते न्हाई दुखलं. ओवा कडू होता."

मला हसूही आलं आन् रडूही. आधी रडले. पोरगी जवळ आली, माझ्या गालाला हात लावून म्हणली, "तुला राग आला का?"

"आला," मी म्हणले. "लई आला. तुझा थोडा, पप्पाचा पुष्कळ."

"पप्पाला बोलू नको ना."

"का नको? तीन तासांपासून ठरवून राह्यले मी!"

"मी त्याला शब्द दिलाय, मम्मीला सांगणार न्हाई म्हणून. तू भांडलीस की त्याला वाटंल मीच सांगितलं. मंग तो मला खरं सांगायचा न्हाई परत." तिनं माझ्याकडं पाह्यलं. तीच नजर. "सांगणार न्हाईस ना? खरं?"

"खरं," मी म्हणले. म्हणून बसले, आन् मंग कळलं कशाला हो म्हणले ते.

दिवेलागणीला हे आले. अळ्यांचे ट्रे शेडमध्ये उतरवले, पाय धुतले, पाटावर बसले. सासू वाढून राह्यल्ती. आकांक्षा माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती आन् ताटातल्या भाकरीकडं नुसती पाहून राह्यल्ती, तोडत नव्हती. माझ्या घशात ते तयार भांडण, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, जसंच्या तसं बसलेलं.

ह्यांनी पाणी प्यायलं आन् माझ्याकडं पाह्यलं. "बेबीनंदा आल्ती म्हणे सकाळी. काही म्हणली का?"

आकांक्षाचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला.

"चुना मागायला आल्ती," मी म्हणले. "अहो, आपली पाखरं निघाली असतील ना आता?"

ह्यांचा चेहरा असा मोकळा झाला की बस. "कधीच! आता अंडीही घातली आसतील. मला आज तिथल्या माणसानं सांगितलं, तुमच्याएवढी पाखरं कुणाचीच न्हाई निघाली."

"हो का," मी म्हणले. "मला तेवढंच ऐकायचं होतं."

आकांक्षानं भाकर मोडली आन् मोठा घास घेतला. ह्यांनी वरण ओरपलं. सासूचा हात मात्र वाटीवर थांबला. तिनं माझ्याकडं पाह्यलं, वर पाह्यलं, खाली पाह्यलं. ह्या धंद्यात तिचे पन्नास वर्षं गेलेत. ती उठली, फळीवरचा तुपाचा गडवा काढला आन् न मागता माझ्या भाकरीवर दोन चमचे तूप घातलं.

लग्नाला नऊ वर्षं झाले, पहिल्यांदा घातलं. मी खाल्लं.